तिसरी ओळ

फॉर्मवर तीन ओळी होत्या:
मुलीला न्यायला कोण कोण येऊ शकतं.
पहिलीवर मी. दुसरीवर वृषाली.
तिसरी कोरी.
गावी असतो तर कागद उलटून मागे लिहावं लागलं असतं,
आत्या, दोन काका, समोरची शिंपीण, तिचा थोरला.
इथे सोहारमध्ये पेनाला टोपण लावलं
आणि म्हटलं, एवढंच.

रय्या बाईंनी काही विचारलं नाही.
कोऱ्या ओळीवर आडवी रेघ मारली,
रेघेशेजारी माझी सही घेतली.

रात्रपाळी संपवून, भट्टीची धग अंगावर तशीच घेऊन
मी जुईला सोडायचो पावणेसातला.
निळा मासा रंगवलेलं दार लागायचं.
मग गाडीत बसून राहायचो, एसी चालू, काचा वर,
तरी रडणं ऐकू यायचं,
की नुसतं वाटायचं, कोण जाणे.
घड्याळ लावून मोजायचो. अठरा मिनिटं.
दुपारी वहीत असायचं: थोडी रडली. केळं खाल्लं.
थोडी!
वृषाली काही बोलायची नाही,
रिकामा डबा हुंगून बघायची.

एका गुरुवारी काचेवर टकटक.
निलंथी, वर्गातली मदतनीस, हाताला रंग लागलेला.
मोडक्या हिंदीत म्हणाली,
"तुम्ही इथे थांबता ना,
खिडकीतून तिला गाडी दिसते.
म्हणून रडते."

रविवारपासून गाडी भिंतीपलीकडे लावली.
बसायचो मात्र.
वहीत आता लिहून यायचं: आज अकरा मिनिटं. आज सात.
म्हणजे आतही कोणी मोजत होतं.

नोव्हेंबरात एकदा दिवसपाळी लांबली,
वृषाली पासपोर्टच्या कामाला मस्कतला.
वरच्या मजल्यावरच्या बिजूला पाठवलं.
त्याचा फोन आला: "देत नाहीत.
पोर माझ्या पायाला मिठी मारून उभी आहे,
तरी देत नाहीत."
मी रय्या बाईंवर आवाज चढवला.
मी बाप सांगतोय ना!
त्या म्हणाल्या,
"फोनवर बाप कोणीही होऊ शकतो."

पाऊण तासाचा रस्ता.
प्रत्येक सिग्नलला एकेक वाक्य घासून ठेवत गेलो.
पोचलो तेव्हा अंधारात मासा दिसत नव्हता.
आत एकच दिवा.
बिजू चिमुकल्या खुर्चीत, गुडघे छातीशी, हातात चहा.
निलंथी भिंतीला टेकून जमिनीवर,
जुई तिच्या मांडीवर गाढ झोपलेली,
मुठीत अर्धा खजूर.
निलंथीची सहाची बस कधीच गेली होती.
रय्या बाईंनी माझं ओळखपत्र मागितलं.
रोज बघतात मला. तरी मागितलं,
नंबर उतरवून घेतला, सावकाश.

घासलेल्या वाक्यांतलं एकही कामाचं निघालं नाही.
म्हटलं, निलंथीला घरापर्यंत सोडतो.

सकाळी फॉर्म मागून घेतला.
खोडलेल्या ओळीखाली बिजूचं नाव लिहिलं,
स्पेलिंग त्यालाच विचारून.
दार लागलं, आणि निघालो.
वळणावर आरशात माझी रोजची जागा दिसली.
तिथे एक पांढरी पिकअप उभी, काचा वर,
आत कुणी एक माणूस मनगटाकडे बघत.
हॉर्न देणार होतो.
नाही दिला.