अनोळखी-११

तळोज्याच्या शाळेत, लष्कराच्या फील्ड हॉस्पिटलात,
सहावी-ब च्या बाईंच्या टेबलावर सर्व्हर मांडलाय.
फळ्यावर अजून घनमुळं आहेत,
पुसायचं कुणाला सुचलं नाही.
खिडकीच्या गजाला राउटर, सुतळीनं.
जनरेटर बदलताना यूपीएस ओरडतो,
तेवढ्या सेकंदांत मी देवाचं नाव घेत नाही,
बॅटरीचे आकडे बघतो.

माझ्या हातून कुणाचं रक्त थांबत नाही.
मी मनगटपट्ट्या छापतो.
शाई संपत आलीय, ठळक अक्षरं बंद केलीत,
हे कॅप्टन पोफळे मॅडमना सांगितलं, तर
हातमोजे न काढताच म्हणाल्या,
"गुंजाळ, नंबर वाचता आला पाहिजे. बस."

अनोळखी-११. पुरुष. अंदाजे वीस.
कंपनीच्या हजेरीत ठेकेदाराची माणसं नाहीतच.

स्फोटाच्या तिसऱ्या पहाटे फुलाबाई मेंगाळ आल्या वाडीवरून,
वहाणांना पिवळी भुकटी.
फोटो नव्हता. म्हणाल्या, डाव्या कानाला भोक आहे,
जगावा म्हणून पाडलेलं.

वॉर्डातून निरोप आला: आहे.

नाव कसं लिहू, मी विचारलं.
"लिहायचं ते तू बघ. हाक मारतो काळू."

दोन नोंदी एकत्र करू का, स्क्रीननं विचारलं,
नंतर मागे फिरता येणार नाही.
होय.

नवी पट्टी छापली, ठळक अक्षरांत.
जुनी कातरून टाकायची राहिली;
खिशात आहे, सिमकार्डाच्या पिनेसोबत.

बॅकअप ब्याण्णव टक्क्यांवर अडकलाय.
बघतो.