सहव्याधी : आहे / नाही

तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये आठशे बारा फायली आहेत.
प्रत्येकीवर लाल स्केचपेनने नुसतं 'को'.
पुढची अक्षरं लिहायला तेव्हा कुणाला वेळ नव्हता.

मला तक्ता भरायचाय.
वय. लिंग. दाखल होताना ऑक्सिजन किती.
तीव्रता : सौम्य, मध्यम, गंभीर.
सहव्याधी : आहे / नाही.
सर म्हणाले, रोज तीस झाल्या तरी पुरे, शेवाळेबाई,
आणि नावं उतरवू नका, फक्त नंबर.

नावं मी उतरवत नाही.
वाचते मात्र.

दस्तगीर बागवान. मार्केट यार्डात कांद्याचा काटा सांभाळायचे.
शुगर नाही, बीपी नाही, असं तोंडी सांगितलेलं.
खाली वेगळ्या शाईत : साखर तीनशे ऐंशी.
म्हणजे होती.
वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर पहाटे उठत होती,
टेम्पोत पुढच्या सीटवर बसत होती,
गाडीवरचा चहा अर्धा-अर्धा करून पीत होती.
ओळख तेवढी करून दिली नव्हती कुणी.
मी 'नाही' खोडून 'आहे' करते.

नरसव्वा बिंगी, भवानी पेठ.
चाळीस वर्षं विड्या वळल्या. धूम्रपान : नाही.
खरंच आहे. एकही ओढली नसणार.
मांडीवरच्या सुपातून उडणाऱ्या तंबाखूच्या धुळीला
तक्त्यात रकाना नाही.
ऑक्सिजन ब्याऐंशी. गंभीर.
सिस्टरची नोंद, पहाटे तीन वीस :
'पेशंट बोटांनी काहीतरी गुंडाळल्यासारखं करत आहे.'
त्यानंतर नोंद नाही.

पाळंदे, एकोणऐंशी, सदाशिव पेठ.
मधुमेह आहे. रक्तदाब आहे. बायपास झालेली आहे.
आठवड्यातून दोनदा डायलिसिस आहे.
फुप्फुसं दोन्ही बाजूंनी पांढरी.
बाविसाव्या दिवशी घरी सोडले.
तक्रारींच्या जागी एकच ओळ : इडली गार होती.
मी एकटीच हसले त्या तळघरात,
वरच्या पाइपातून पाणी धावत गेलं.

किसन भवारी. एकोणतीस.
नाही. नाही. नाही. नाही.
दाखल झाला तेव्हा मध्यम.
चौथ्या दिवशी गंभीर.
सहाव्या दिवसाचा कागद गुलाबी आहे.
फाईल मी तीनदा उलटून पाहिली,
कुठेतरी एखादं 'आहे' नजरेतून सुटलं असेल.
लहानपणीचा दमा, काहीही.
सापडलं असतं तर बरं वाटलं असतं.
कुणाला, ते विचारू नका.

सर म्हणतात, आकडे बोलतील.
बोलोत.
मला त्या वेगळ्या शाईतलं अक्षर दिसत राहतं,
पीपीईच्या दुहेरी हातमोज्यांतून लिहिलेलं,
तिरकं, घामानं फुटलेलं,
तरीही साखर मोजणारं, बरोबर वेळ टाकणारं.

एकशे चाळीस फायली उरल्यात.
परवा जिना चढताना
माझी डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली.
दोन पायऱ्या मला कळलंच नाही.
रात्री तळव्यांना मुंग्या येतात.
त्या मी बसण्याच्या खात्यावर टाकल्या होत्या.

आज उपाशीपोटी तळमजल्यावरच्या लॅबमध्ये गेले.
नवीन मुलगा होता, मला ओळखत नव्हता.
नाव शेवाळे, वय एक्कावन्न.
आधीचा काही आजार? त्यानं वर न बघता विचारलं.
नाही, म्हणाले मी, सवयीनं.

मग म्हणाले, थांब.
त्यानं पेन तसंच
कागदाच्या बोटभर वर धरून ठेवलं.