सामू चार पूर्णांक तीन

सेऱ्हादोची माती लाल, बघून वाटतं पिकेल.
पण आंबट. मक्याचं मूळ बोटभर उतरतं
आणि थबकतं, चटका बसल्यासारखं.

मुळांची टोकं आम्ही रंगात बुडवतो.
जिथं ॲल्युमिनियम शिरलं, तिथं जांभळं.
दाल्विना म्हणते, मोज, हळहळू नकोस.
ती एकोणीस वर्षं मोजतेय.

बशी क्रमांक एकवीस मात्र
मरायला हवी होती, मेली नाही.
वाकड्या झाडाच्या बुंध्याखालची चिमूटभर माती,
तिच्यातला एक जिवाणू, अजून बिननावाचा,
लिंबातलं असतं तसलं आम्ल पाझरतो,
धातूला कवेत घेतो, सोडत नाही.
बाकीचे त्याच्या आडोशानं वाढतात.

शेजारच्या खोलीत इवाँद्रो
याच धातूला पॉलिमरच्या थरातून
जा-ये करायला शिकवतो.
त्याचा आलेख बदकासारखा दिसतो.
बदक अजून पोहत नाही.
"तुमचं विष, माझी बॅटरी," म्हणतो,
आणि आमचीच कॉफी पितो.

दुपारी तिघं पायरीवर.
दाल्विनाच्या मांडीवर बापाचा डबा,
ॲल्युमिनियमचा, पोचे पडलेला.
याच जमिनीवर तो चुन्याच्या गोण्या वाहायचा,
पाठ पांढरी करून घरी यायचा.
झाकण अडलंय. ती चमच्यानं ठोकते.
नवा घे, इवाँद्रो म्हणतो.
"थांब रे. सुटतंय."

संध्याकाळी एकवीस पुन्हा पेरली.
वरून झाकायला फॉइल,
तीही त्याच धातूची.
कडा दुमडताना
दाल्विना बोटानं दोनदा दाबते,
डबा बंद करताना दाबते तशी.