जोड

त्या जुलैत सूर्य मावळत नव्हता,
आणि धुरामुळे दिसतही नव्हता.
नदीच्या अलीकडे फिनलंड, पलीकडे नॉर्वे.
वणव्याने पात्र कुठे ओलांडलं,
कुणीच पाहिलं नाही.

पलीकडून होडीत पंप आला, सहा माणसं आली,
खोकत खोकत तूरगाइर आला,
आणि त्यांच्या पाइपाचं तोंड
आमच्या पाइपाला बसेना.
आटेच वेगळे.

करार झालेले होते. सह्या होत्या,
राजधानीत हस्तांदोलनाचा फोटो होता.
आट्यांचं कुणी विचारलं नव्हतं.

बादल्यांनी किती विझणार?
पांढऱ्या दगडफुलाचा अख्खा माळ गेला,
माझ्या रेनडिअरांचं हिवाळ्याचं ताट.
ते पुन्हा भरेल
तोवर माझी नात म्हातारी झालेली असेल.

मग बर्फ पडला. सगळे म्हणाले, सुटलो.
पण दलदलीच्या पोटात विस्तव जागाच होता.
एके ठिकाणी बर्फ टिकेना;
कुत्रा तिथे जाऊन झोपायला शिकला.

फेब्रुवारीत गोठलेल्या नदीवरून तूरगाइर आला.
हातमोज्यातून काढलं एक पितळी कडं,
एका अंगाला त्यांचे आटे, दुसऱ्या अंगाला आमचे.
होडीचा जुना पंखा वितळवून
लेथवर कातलेलं.
‘किती केलीस?’
‘एकच. पितळ संपलं.’
तो त्याच्या भाषेत बोलला, मी माझ्या.

आता मे. वारा कोरडा आहे.
कडं दाराशी खिळ्याला टांगलंय,
येता-जाता हात लागतो.
आज सकाळी कुत्रा
त्या जागेवरून उठून आला,
पंजे चाटत.