तीन मिनिटं

युटामधल्या एका शाळेची जिम.
बास्केटबॉलच्या जाळीखाली माइक, प्रत्येकाला तीन मिनिटं.
डेलोरा उभी राहते. नखांत अजून ग्रीस.

"नकाशावर तुम्ही ही लाल फुली मारलीत,
तिच्यापुढे अकरा मैलांवर एक कडा आहे.
माझा भाऊ तिथवर चालत जायचा.
आता माझी जीप नेते.

हो, मातीवरची ती काळी साय आम्हीही मोडली,
सत्याऐंशी साली, मस्तीत.
चाकोरी अजून तश्शी आहे.
दर वसंतात जाऊन मी तिच्या तोंडाशी दगड मांडते,
पुन्हा कुणी वळू नये म्हणून.
रस्ताच बंद केलात
तर दगड कोण मांडणार?"

घंटा.

मागच्या रांगेत वेंडल
चाकाच्या खुर्चीचा ब्रेक सोडतो.
माइक त्याच्यासाठी फार उंच आहे.