गुपित ठेवण्याचं वय

वार्दोचा सूर्य नोव्हेंबरच्या शेवटी जातो
तो जानेवारीची वीस उजाडेपर्यंत फिरकत नाही.
उजाडेपर्यंत म्हणजे बोलण्याची पद्धत.
आमची रागना नेमकी या मधल्या काळात चालायला लागली,
ट्यूबलाइटच्या भरवशावर.

तिचं पहिलं पाऊल मी पाहिलं.
अकरा डिसेंबर, वॉशिंग मशीनपासून माझ्या गुडघ्यापर्यंत,
साडेतीन पावलं. अर्धं म्हणजे पडणं.
योरून दारात टॉवेलच्या घड्या घालत होती,
तिनं टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच जोरात,
आणि एस्किल सोफ्याखाली गाडी शोधायला शिरला
तो बराच वेळ बाहेर आला नाही.

रागनाला एकच शब्द येतो, ल्यू.
दिवा ल्यू. फ्रिज उघडला की ल्यू.
बर्फ लोटणाऱ्या गाडीचा केशरी भोवरा ल्यू,
बंदरातल्या बोटी ल्यू, ल्यू, ल्यू.
आणि प्रत्येक ल्यूला कुठेतरी बटण असतं
हे तिला माझ्या कडेवर बसून कळलंय.

मग एका दुपारी किल्ल्यावरून तोफ उडाली. सूर्य दिसला.
शाळा सुटल्या. एस्किल पाच वर्षांचा, शाळेत जात नाही,
पण सुट्टी त्यालाही हवी. मी हरलो.
योरून खेकड्यांच्या कारखान्यात. तिला सुट्टी नाही,
खेकड्यांना सूर्याचं काय?

कपडे चढवण्यात पंचवीस मिनिटं गेली.
लोकरीचं, त्यावर लोकरीचं, त्यावर फुगलेला सूट,
हातमोजे चार, चारही डाव्या हाताचे.
पोचलो तेव्हा तो समुद्राला टेकून होता,
उगवावं की मावळावं, त्याचंच ठरत नव्हतं.
रागनानं बोट केलं. ल्यू.
मग दोन्ही हात वर. उचल मला, बटण कुठंय?

उचललं नाही. फक्त घराकडे तोंड करून वळवलं.
तर तिच्या बुटांपासून निघून
थेट मोर्टेनसेनबाईंच्या कुंपणापर्यंत
बर्फावर कुणीतरी आडवं पडलेलं,
निळं, लांबच लांब.
ती थांबली. ते थांबलं.
एक पाय उचलला. त्यानंही.
ती धपकन बसली, ते निम्मं झालं.
आता भोकाड पसरणार, वाटलं मला.
पण उठली, आणि पाय आपटत त्याच्या मागेच लागली.
ते पुढे, ही मागे, ते पुढे.
शेवटी एस्किल धावत जाऊन त्याच्या डोक्यावर उभा राहिला,
"धरलंय गं! ये लवकर!"

सतरा मिनिटं. मग ल्यू विझला, बटणावाचून.

येताना मी एस्किलला बजावलं,
आईला सावलीचं सांगायचं नाही.
उद्या तीही बघेल. तिला वाटू दे,
पहिल्यांदाच आहे.
त्यानं मान डोलावली. मी आशा सोडली.
याच्या तोंडात तीळ भिजत नाही,
आजोबांची वाढदिवसाची भेट यानं फोनवर
रंगासकट सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी ढग. तिसऱ्या दिवशी ढग.
चौथ्या दिवशी बर्फ, तोही आडवा.
योरून जेवताना विचारते, त्या दिवशी काय काय पाहिलंत?
"सूर्य," एस्किल म्हणतो,
आणि अख्खा बटाटा तोंडात कोंबतो.
आज सहावा दिवस. बटाटे संपत आलेत.
रागनाच्या आरोग्यपुस्तिकेत वजन, उंची, दात, लस,
सगळ्याला रकाना आहे.
एस्किलच्या पुस्तिकेत याला कुठे जागा नाही.
मी पाहिलं शोधून.

रात्री पांघरूण खोचताना त्यानं विचारलं,
"हे अजून किती दिवस?"
सूर्य निघेपर्यंत.
"आणि दुसरं?"
दुसरं कुठलं?
तो भिंतीकडे वळला,
तोंडावर दोन्ही हात गच्च.
बोटांच्या फटीतून एवढंच आलं,
"आई म्हणाली, बाबाला नाही."

मी दिवा मालवला.
बाथरूममध्ये वॉशिंग मशीन फिरत होतं.
जाऊन त्याच्यासमोर
जरा वेळ उभा राहिलो.