निळ्यावरचा बाण

राइवोनं हेलसिंकीहून धाडलेलं ते यंत्र
तळहाताएवढं, पाठीला रबराची वाटी.
हाइनोनं ती थुंकी लावून काचेवर दाबली,
तीनदा ती माझ्या मांडीत पडली,
चौथ्यांदा टिकली तेव्हा तो म्हणाला,
आता तुला नकाशा धरायला नको.

सदतीस वर्षं नकाशा मीच धरलाय.
घड्यांवर विरलेला, चिकटपट्ट्यांनी पिवळा पडलेला,
एका कोपऱ्यात हेरिंगच्या तेलाचा डाग
आणि डागाखाली कुठलंसं गाव,
जिथं आम्ही कधी गेलोच नाही.
तो घडी करून मी पायाशी ठेवला.
पायाशी, पण हाताला येईल असा.

पत्ता मात्र मीच घातला, एकेक अक्षर दाबून.
हियुमा बेट, हेल्यूचं घर.
बापाच्या होड्यांच्या शेडची वाटणी झाली
त्यानंतर मी बहिणीच्या वाटेला गेले नव्हते,
तीही माझ्या नाही.
अकरा वर्षं.
यंत्र क्षणभर विचारात पडलं
आणि म्हणालं: एक तास बावन्न मिनिटं.

आतली बाई फिनिश बोलायची.
आम्ही सगळेच टीव्हीवरून चोरून शिकलेलो, त्यामुळे अडलं नाही.
आवाज दवाखान्यात नाव पुकारतात तसा,
स्वच्छ, कुणाचाच नसलेला.
रोहुकुलाच्या बंदरापर्यंत तिचं एकही वळण चुकलं नाही.
ती उजवीकडे म्हणाली की हाइनो म्हणायचा, हो.
ती सरळ म्हणाली की, हो हो.
इतके होकार मला अख्ख्या संसारात मिळाले नाहीत.

बंदरावर ती म्हणाली, बोटीत चढा.
पण त्या फेब्रुवारीत समुद्र चांगला जाड गोठला होता,
बर्फावरचा रस्ता कालच खुला झालेला.
नारिंगी जॅकेटातल्या पोरानं गाडीचा नंबर टिपला,
म्हणाला, पट्टे सोडा, मध्ये थांबू नका,
आणि पुढची गाडी ठिपका झाल्यावर
आम्हाला हात केला.

शक्य तितक्या लवकर मागे वळा,
बाई म्हणाली.
पडद्यावरचा रस्ता संपला होता.
सगळं निळं, आणि निळ्यात आमचा बाण,
बुडत नव्हता, एवढंच.
मागे वळा.
काचेबाहेर निळं कुठंच नव्हतं,
पांढरं, करडं, पुन्हा पांढरं,
आणि चाकांखाली कुणीतरी लांबून दार ढकलावं तसा आवाज.
मागे वळा.
हाइनो तिला पहिल्यांदाच नाही म्हणाला.

तीस वर्षं तो इथल्याच फेरीवर होता.
सात मीटर, तो म्हणाला. थोड्या वेळानं, इथं चार.
मी त्याला हळू म्हटलं नाही, जोरात म्हटलं नाही.
बर्फात रोवलेल्या जुनिपरच्या फांद्या
एकेक करून वाचत राहिले:
ही. आता ती. तिकडं, डावीकडं वाकलेली.
तो म्हणाला, हो.

बाईनं बोलणं सोडलं होतं.
मला तिची जरा दयाच आली.
जिथं वाट नाही असं तिला शिकवलंय
तिथून दोन म्हातारी माणसं
डब्यात राईची पाव-वडी घेऊन निघालीत,
तिनं तरी काय सांगावं?

हेल्टर्माला चाकं जमिनीला लागली
आणि बाण टुणकन रस्त्यावर आला.
बाई बोलू लागली, जणू मधलं काही घडलंच नव्हतं.
मी तेच करायचं ठरवलं होतं,
पूर्ण रस्ताभर तेच घोकलं होतं.

तुम्ही मुक्कामी पोचलात, ती म्हणाली,
शेजाऱ्याच्या लाकडांच्या ढिगासमोर.
हाइनोनं इंजिन बंद केलं.
मी नकाशा उचलला, उगीच उघडला.

हेल्यू फावडं घेऊन बाहेर आली.
बरीच वाकलीय.
तिनं गाडीकडं पाहिलं, मग आमच्या मागं समुद्राकडं,
मग काचेवर बोटाच्या पेरानं टकटक केली.
बर्फावरून आलात?
हो.
आणि बंदरापासून इथवर, पट्टा न लावता?

मी खाली पाहिलं.
विसरलेच होते, मी म्हणाले.